अमरावतीचे दगड आणि आपली उसनवारी : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचे उत्तर माझ्या हाती पडले. आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे जे शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांच्यावर भारताने आजवर लेखी दावा केला आहे का, एवढेच मी माहितीच्या अधिकारात विचारले होते. चौदा महिने, दोन अपिले आणि असंख्य हेलपाटे झाल्यावर आलेले उत्तर एका ओळीचे आहे : ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.’ मग तो कोणाशी संबंधित आहे, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापुरात एकतीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर नेत असे. तेथे संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचील तो विजयी होईल, ही ओळ मुले माना वर करून एकेक अक्षर लावत वाचायची, आणि अर्थ लागला की सगळा वर्ग एकदम बोलू लागायचा. दगड जागेवर होता म्हणून हे घडले. अमरावतीच्या शिक्षकाला मात्र मुलांना महाचैत्याचा, म्हणजे त्या स्तूपाचा, उरलेला उंचवटा दाखवून सांगावे लागते, की याचे कितीतरी कोरीव पट चेन्नईला आहेत आणि सुमारे १२० लंडनला.

सोलापूरकराला अमरावतीची उठाठेव कशाला, असे मला त्या कार्यालयातही ऐकवण्यात आले. आमच्या पूर्व भागात मागावर बसणाऱ्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. ज्या सातवाहनांची राजधानी म्हणून आपण पैठणचा अभिमान मिरवतो, त्यांच्याच काळात अमरावतीचा स्तूप वैभवाला पोहोचला, आणि त्यांच्या पुळुमावी राजाचे नाव तेथील शिलालेखात आहे. तेव्हा हा दगड परका नाही.

तो गेला कसा, तेही स्पष्ट लिहितो. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारचा अधिकारी कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचला, तेव्हा स्थानिक जमीनदाराची माणसे बांधकामासाठी टेकाड उपसत होती. आपल्याच लोकांनी दगडाची नासाडी केली, हे मी लपवत नाही. १८४५ मध्ये कंपनीचाच अधिकारी वॉल्टर एलियट याने उत्खनन करून शिल्पे मद्रासला पाठवली. तेथे कंपनी सरकारच्याच ताब्यात ती कित्येक वर्षे उघड्यावर पडून राहिली. १८५९ मध्ये ती लंडनला पोहोचली आणि १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली. कोणत्या गावाला, कोणत्या भिक्षुसंघाला कोणी विचारले होते?

मुलीकडे लंडनला गेलो असता मी ते दालन पाहिले. तेथे दोन्ही अंगांनी कोरलेला एक पट आहे. एका बाजूला बोधिवृक्ष आणि त्याखाली रिकामे आसन, दुसऱ्या बाजूला संपूर्ण स्तूप. अमरावतीचा स्तूप मूळचा कसा दिसत होता, हे एका भारतीय इतिहास शिक्षकाला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी परदेशातील काचेआडून कळावे, याचे दुःख मला शब्दांत नीट मांडता येत नाही. मी तेथे खाली बसलो. मुलीला वाटले, माझी तब्येत बिघडली.

२०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्याला आली, तेव्हा मीही रांगेत उभा राहिलो. परंतु ती तीन वर्षांच्या बोलीवर आली आहेत. उसनवारीच्या कागदावर सही करणे म्हणजे वस्तूचा मालक समोरचा आहे, हे स्वतःच्या हाताने लिहून देणे होय. ही रीत अमरावतीच्या बाबतीत नको.

स्वातंत्र्यापूर्वी गेलेल्या वस्तूंबाबत काही करता येत नाही, हे उत्तर आता कोणी देऊ नये. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये निघालेली, बुद्धाच्या अस्थींसोबतची रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली, तेव्हा आपल्याच मंत्रालयाने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर रत्ने मायदेशी आली. १८९८ चे परत येते, तर १८५९ चे का मागू नये? ती रत्ने खासगी कुटुंबाकडे होती आणि संग्रहातील वस्तू देऊन टाकण्याबाबत ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत, हा फरक मला मान्य आहे. पण तो कायदा त्यांच्या संसदेचा आहे, आपल्या तोंडावरची पट्टी नव्हे. ग्रीसने ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांसाठी दशकानुदशके तगादा लावला, २००९ मध्ये अथेन्सला त्यांच्यासाठी संग्रहालय उभारले, आणि २०२३ मध्ये व्हॅटिकनने आपल्याकडील तीन तुकडे परत केले.

आणि मागण्यासाठी आपल्याकडे यादी तरी आहे का? देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू असताना, त्यांच्या नोंदीसाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत नोंद झाली ती सुमारे १६.८ लाखांची, असे संसदीय समितीनेच २०२३ मध्ये नोंदवले. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१३ मध्ये १,६५५ संरक्षित स्मारकांची पाहणी केली, तर त्यांतील ९२ जागेवर सापडलीच नाहीत. स्मारकेच हरवतात, तेथे माझा एक अर्ज चौदा महिने हरवला याचे नवल नाही, संताप आहे. उत्सवाला मांडव पडतो, भाषणे होतात, आणि नोंदवही लिहायला माणूस नेमला जात नाही, ही या संपूर्ण व्यवस्थेची रीत झाली आहे.

माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, त्यामुळे पुढचे अपील मी करू शकेन असे वाटत नाही. अमरावतीच्या शिल्पांवर भारताचा लेखी दावा आपण दाखल करावा आणि तो जनतेसमोर ठेवावा, एवढीच मागणी आहे. उत्तर मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत चालेल. मात्र त्यात दाव्याच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख असावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सोलापूर