शिक्षकांना एकमेकांचे तास पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षाच्या सुरुवातीला आम्हा शिक्षकांच्या हातात एक छापील कागद येतो. वर नाव असतं ‘व्यावसायिक विकास आराखडा’. कोणतं प्रशिक्षण, किती तासांचं, प्रमाणपत्र मिळणार का, असे खाली रकाने. गेली काही वर्षं मी तो मुकाट्याने भरून देत आले. यंदा मात्र हात अडला. का अडला ते सांगावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

मी एकवीस वर्षं गणित शिकवते. गेल्या वर्षी सहावीच्या चाचणीत एक साधा प्रश्न घातला होता: ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? अर्ध्याहून जास्त वर्गाने ०.३५ लिहिलं. ही चूक कुठल्याही गणित शिक्षकाच्या ओळखीची आहे. मी शंभर घरांची चौकट रंगवून घेतली होती, संख्यारेषा काढली होती. तरी तेच. एरवी मी टाचणवहीत ‘अधिक सराव घेणे’ असं लिहून पुढच्या घटकाकडे वळले असते. या वेळी शेजारच्या वर्गावरच्या भाषेच्या सरांना म्हटलं, तुमचा मोकळा तास आहे, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसाल का? “गणितातलं मला काय कळणार?” ते म्हणाले. मी म्हटलं, गणित पाहू नका, मुलं पाहा.

तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी वहीचं पान उघडलं. “मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिता एक आणि वाचता दुसरंच. ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणता. पोरांच्या कानावर पस्तीस पडतं. मग आठापेक्षा पस्तीस मोठेच की!”

मी जागच्या जागी थिजले. ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असं वाचायचं, हे पहिल्या दिवशी मीच शिकवते आणि दुसऱ्या दिवसापासून बोलण्याच्या ओघात मीच सोडून देते. तीन दशांश, पाच शतांश ही फोड माझ्या तोंडून क्वचितच जायची. इतकी वर्षं जी चूक मी वह्यांमध्ये लाल शाईने दाखवत होते, तिला माझ्याच बोलण्यातून खतपाणी मिळत होतं. गणिताचं पुस्तक पुन्हा वाचून हे मला कळलं नसतं. भाषेच्या माणसाला ते एका तासात ऐकू आलं.

वाचन बदललं म्हणून सगळं एकदम सुधारलं असं नाही. पुढच्या चाचणीतही काही वह्यांत तेच उत्तर होतं. एका मुलीचं उत्तर बरोबर होतं, ०.८ मोठी. सवयीने बरोबरची खूण करणार होते, पण कारण विचारलं. ती म्हणाली, दशांश मोठे असतात आणि शतांश लहान, म्हणून. मग मी तिला ०.३ आणि ०.३५ दिले, तर तिने ०.३ मोठी सांगितली. बरोबर उत्तराच्या आड चुकीची समजूत लपून बसली होती. अशा किती वह्यांवर मी आजवर बिनधास्त खूण केली असेल, हा विचार अजून सोडत नाही.

सरांच्या वहीत आणखी एक नोंद होती: ‘प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतात.’ हे मला पटेना, म्हणून दोन तास फोनवर ध्वनिमुद्रित केले. सरांचंच खरं निघालं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं, की मुलांची उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलू लागतात. हे नाव मी एका प्रशिक्षणातच ऐकलं होतं, टिपूनही घेतलं होतं. पण स्वतःच्या वर्गात सेकंद मोजणं राहून गेलं. तीन सेकंदांची शांतता फळ्यापाशी उभं राहून फार लांब वाटते. चौथ्या दिवशी त्या शांततेत एक कधीच न बोलणारा मुलगा म्हणाला, “०.८ च्या पुढे शून्य लावलं तर ते ऐंशी शतांश होतात ना?” जे मी सांगून समजावणार होते, ते वर्गाला त्याच्याकडून मिळालं.

प्रशिक्षणं वाया जातात असं मी म्हणत नाही. पण दिवसभर ऐकून घरी गेल्यावर पुढच्या आठवड्यात कोणी विचारत नाही की त्यातलं वर्गात काय केलंत? रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. मुलांबाबत आपण हे मान्य करतो. मग शिक्षकांनाही आठवड्याने विचारा.

जपानमध्ये एकमेकांचे तास पाहण्याची शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे, तिला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात. शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलं काय करतात ते टिपतात, आणि मग त्या पाठावर चर्चा होते. चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

म्हणून यंदाच्या कागदावर मी लिहिलं: वर्षभर एकच प्रश्न, मुलांना दशांश कळताना नेमकं कुठे अडतं? त्यासाठी मुलांच्या चुकांची, कारणासकट, एक वेगळी वही. महिन्यातून एकदा कोणीतरी माझ्या तासाला, एकदा मी कोणाच्या तरी तासाला. शिवाय मी पोहायला शिकते आहे, तेही लिहिलं. शिकवणाऱ्या बाई “अंग सैल सोडा” म्हणतात आणि अंग सैल सोडणं म्हणजे काय तेच मला कळत नाही. त्यांना ते इतकं सहज येतं की यापुढे काय समजावावं हे त्यांनाही सुचत नाही. “टिंब दोन घरं उजवीकडे सरकवा” म्हणताना माझ्यासमोरचं मूल कसं बघत असतं, ते मला त्या पाण्यात समजलं. कागद परत आला. पोहण्यावर काट मारलेली होती आणि बाकीच्यासमोर ‘तास किती?’ असं विचारलेलं होतं.

शाळा चालवणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. महिन्यातले दोन मोकळे तास प्रत्येक शिक्षकाला एकमेकांच्या वर्गात बसायला द्या, आणि ते बदली तासांसाठी काढून घेऊ नका. त्या पाहणीचा एक शब्दही गोपनीय अहवालात जाऊ देऊ नका. शेरा पडणार म्हटलं की प्रत्येकजण पाठ केलेला पाठ दाखवतो, आणि जिथे खरी अडचण आहे तो तास दार लावून घेतो.

पुढच्या आठवड्यात सर सातवीला एक कविता शिकवणार आहेत. मुलं दुसऱ्या कडव्यापाशी गप्प होतात, असं ते म्हणाले. मी वही घेऊन मागच्या बाकावर बसणार आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका