कुलूप, किल्ली आणि आमच्या पऱ्हाटीतली बोंडअळी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रेणू एकमेकांना कसे ओळखतात यावर लेख आला होता, आणि परवा त्यावर एका वाचकाचं पत्र तुम्ही छापलं की असल्या लॅबमधल्या संशोधनाचा मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला काडीचा उपयोग नाही, त्यापेक्षा बाजारभाव छापा. भाव छापायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण उपयोग नाही हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी सेलू तालुक्यातली, अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि घरी सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असते, त्यामुळे त्या वाचकाचा राग मला कळतो. तरी पण सांगते, गेल्या वीस वर्षांत आपल्या वावरात जे झालं ते सगळं या ओळखीच्या विज्ञानानंच झालंय, फक्त आपल्याला ते कुणी आपल्या भाषेत नीट सांगितलं नाही.

आधी ओळख म्हणजे काय ते. एमिल फिशर या जर्मन केमिस्टनं १८९४ ला मांडलं की एन्झाइम (शरीरातल्या क्रिया घडवून आणणारं प्रोटीन) आणि ते ज्या साखरेवर काम करतं ती साखर कुलूप-किल्लीसारखी एकमेकात बसावी लागते, तरच काम होतं. पुढं १९५८ ला डॅनियल कोशलंडनं भर घातली की हे कुलूप लोखंडाचं नसतं, किल्ली आत गेली की तेही थोडं हलून आकार घेतं, पायमोजा पायात गेल्यावर पायासारखा होतो तसं. आणि या दोघांना धरून ठेवणारी ओढ एकेकटी पाहिली तर फार कमजोर असते. वर्गात मी गोखरूचं उदाहरण देते, वावरातून आल्यावर धोतराला चिकटलेलं असतं ते. त्याचा एक काटा सहज सुटतो पण पन्नास काटे एकदम अडकले की ओढून काढावं लागतं. रेणूंचं तसंच आहे, आकार जुळला की सगळे काटे एकदम लागतात आणि आकार जरा चुकला की एकही धड लागत नाही.

आता बीटी कापूस बघा. बीटी हा मातीतला एक जिवाणू आहे. जपानमध्ये १९०१ ला रेशमाच्या अळ्या मरायला लागल्या तेव्हा इशिवाता नावाच्या संशोधकाला तो सापडला, नंतर १९११ ला जर्मनीत बर्लिनरला तो परत सापडला आणि थुरिंजिया भागावरून त्यानं त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हे नाव दिलं. आपल्याकडं जालना, बीड, परभणीत कितीतरी जण तुती लावून कोष काढतात, त्यांच्याच किड्याच्या रोगातून ही गोष्ट सुरू झालीय. या जिवाणूचं एक प्रोटीन आहे, क्राय१एसी, त्याचा जीन कापसात घातला आणि २००२ ला भारतात परवानगी मिळाली. अळीनं पान किंवा बोंड खाल्लं की ते प्रोटीन तिच्या आतड्यात जातं, अळीचं आतडं अल्कलीसारखं असतं, तिथं ते कापलं जाऊन तयार होतं आणि आतड्याच्या पेशीवरच्या कॅडहेरिन नावाच्या कुलपाला जाऊन बसतं. बसलं की पुढं पेशीला भोकं पडतात, अळी खायचं थांबते आणि मरते. आपल्या पोटात अ‍ॅसिड असतं आणि ते कुलूपही नसतं म्हणून ते प्रोटीन पोटात गेलं तरी आपल्याला काही होत नाही. अख्खा बीटी कापूस या एका ओळखीवर उभा आहे.

आणि तो पडला तोही तिथंच. गुलाबी बोंडअळीमध्ये काही अळ्या अशा असतात की त्यांचं ते कॅडहेरिनचं कुलूपच मोडकं असतं. किल्ली फिरते पण बसत नाही. अळीला काही होत नाही, ती आरामात सरकी पोखरते. गुजरातमधल्या बोंडअळीत असा प्रतिकार आलाय हे २०१० ला जाहीर झालं, आणि नंतर संशोधकांनी भारतातल्या अळ्यांचा तो जीन वाचून बघितला तर तो खरंच जागोजागी तुटलेला निघाला, २०१४ ला ते छापून आलं. तोपर्यंत २००६ पासून दुसरं प्रोटीन, क्राय२एबी, असलेलं बियाणं आलं होतं. त्याचं कुलूप वेगळं आहे, अळीनं तेही मोडलं. २०१७ ला काय झालं ते मला सांगायची गरज नाही, आपल्याकडं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि हाताला कवडी (किडका, न फुललेला कापूस), असं गावोगाव झालं होतं.

आता जे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या बॅगेसोबत १२० ग्रॅमचं एक साधं, बीटी नसलेलं पाकीट यायचं, आठवतं ना? ते बांधाच्या कडेनं पेरायचं होतं. आमच्या गावात ते कुणीच पेरलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, ते पाकीट हातात घेऊन विचारलं तर बाबा म्हणाले, "कामून पेरायलीस ते, अळीला वावरात जेवण मांडून द्यायचंय का?" ज्या दुकानातून बियाणं आणलं तिथल्या माणसानंही हेच सांगितलं होतं, टाकून द्या म्हणून. बाबा काही आडाणी नव्हते, त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता, त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं एवढंच. मलाही त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, ते दोन वर्षांनी एमएस्सी करताना कळलं.

उत्तर असं आहे. अळीला कुलपाचा एक जीन आईकडून मिळतो आणि एक बापाकडून. दोन्ही मोडके असले तरच ती वाचते, एक जरी चांगला असला तर किल्ली बसते आणि अळी मरते. बीटीच्या वावरात जे पतंग जिवंत निघतात ते दोन्ही मोडकेवालेच असतात. शेजारी साधा कापूस नसला तर ते आपापसातच जोड्या लावणार, आणि त्यांची सगळी पिल्लं मोडक्या कुलपाचीच. पण कडेच्या साध्या कापसातून हजारो चांगल्या कुलपाचे पतंग उडाले तर त्या दोन-चार वाचलेल्यांची जोडी त्यांच्याशीच लागते, आणि पिल्लात एक चांगला जीन येतोच. म्हणजे ते पाकीट अळीला जेवण घालायला नव्हतं, मोडक्या कुलपाच्या अळीला सोयरीक चांगल्या घरातच करायला लावायची होती. एवढं तीन वाक्यात त्या पाकिटावर मराठीत लिहिलं असतं तर बाबांनी ते पाकीट स्वतः टोबलं असतं, हे मी खात्रीनं सांगते.

हिरव्या बोंडअळीचं इतकं बिघडलं नाही त्याचं एक कारणही हेच आहे, ती तुरीवर, हरभऱ्यावर पण जगते, तिथं तिचे चांगले पतंग आपोआप तयार होत राहतात. गुलाबी जवळपास कापसावरच जगते, तिला तसा आसरा मुद्दाम द्यावा लागतो. वरून आपण फरदड घेतो, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवतो, म्हणजे मोडक्या कुलपाच्या अळीला आणखी पिढ्या काढायला वेळ. अमेरिकेत बीटीसोबत आधी साधा कापूस नेटानं लावला, पुढं वांझ केलेले पतंग सोडले, मादीच्या गंधाचाही वापर केला, आणि २०१८ ला त्यांनी गुलाबी बोंडअळी तिथल्या कापसातून संपली म्हणून जाहीर केलं. प्रोटीन तेच, अळी तीच. अलीकडे आपल्याकडं साधं बियाणं बीटीतच मिसळून देतात म्हणून ते फेकता येत नाही, पण ते का मिसळलंय हे आजही गावात दहातल्या एकालाही माहीत नसेल.

बीटी चालेना म्हटल्यावर फवारे वाढले, आणि फवाऱ्याचंही हेच विज्ञान आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक औषध किड्याच्या ज्या एन्झाइममध्ये जाऊन बसतं, नसेनं स्नायूला दिलेला निरोप पुसायचं काम करणारं, ते एन्झाइम आपल्या अंगातही आहे आणि औषध जिथं बसतं ती खाच दोघांची जवळजवळ सारखी आहे. औषधाला किडा आणि माणूस यातला फरकच ओळखता येत नाही. यवतमाळला २०१७ मध्ये फवारता फवारता माणसं गेली, त्या फवाऱ्यांतही अशी औषधं होती. आमचे चुलते एकदा फवारून आले तर डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झालेली, तोंडाला लाळ, बोलता येईना. चुलतभावानं औषधाची बाटली सोबत नेली म्हणून डॉक्टरांना लगेच समजलं, तसं सगळ्यांनी करा. तिथं अ‍ॅट्रोपिनबरोबर पॅम नावाचं इंजेक्शन दिलं. ते पॅम कसं निघालं माहितीये? आयर्विन विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९५५ च्या सुमारास त्या एन्झाइमची खाच कशी आहे, तिथं कुठला विद्युतभार ओढला जातो याचा हिशोब करून, त्या खाचेत नीट जाऊन बसेल आणि अडकलेलं विष उपटून काढेल असा रेणू आधी कागदावर ठरवला आणि मग बनवला. उशीर झाला तर विष आत घट्ट होऊन बसतं आणि मग पॅमचा उपयोग होत नाही, म्हणून घाई करायची. माझे चुलते आज आखाड्यावर बसून बिडी ओढतात. लॅबमधलं संशोधन कुणाच्या उपयोगाचं नाही असं त्यांच्यासमोर मला कुणी म्हणून दाखवावं.

आता एकेकटी किल्ली सोडून अख्खा नमुना, म्हणजे पॅटर्न, ओळखण्याचं. तेही वावरातच आहे, कामगंध सापळ्यात. त्यातल्या ल्यूरमध्ये मादी पतंगाचा गंध असतो, गुलाबी बोंडअळीचा तो गंध १९७३ ला नीट ओळखला गेला. ते दोन रेणू आहेत, अगदी जुळे, अणू सगळे सारखे, फक्त शेवटाकडं एका ठिकाणी एकाची शेपटी वाकडी आणि दुसऱ्याची सरळ. दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात असले तरच नर नीट येतो. म्हणजे नुसतं कुलूप-किल्ली जुळून भागत नाही, मिशीवरच्या दोन प्रकारच्या कुलपांतून येणाऱ्या निरोपांचं प्रमाण नराचा मेंदू वाचतो आणि ही आपल्याच जातीची मादी असं ठरवतो. त्याचा मेंदू मोहरीएवढाही नसेल. म्हणून हिरव्या बोंडअळीच्या ल्यूरला गुलाबीचे नर येत नाहीत, आणि म्हणून दुकानात कुठलं पण ल्यूर हातात दिलं तर घेऊ नका, नाव बघून घ्या. असा कीटकांचा पहिला गंध १९५९ ला जर्मनीच्या बुटेनांटनं शोधला, त्यासाठी सुमारे ५ लाख रेशमाच्या माद्या वापराव्या लागल्या, आणि हाताला लागलं काही मिलिग्रॅम. परत तोच तुतीवरचा किडा.

आणि त्या सापळ्यावर आता मोबाईल आलाय. अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की मोजून देणारी अ‍ॅप आहेत. त्या मशीनला गुलाबी पतंग म्हणजे काय हे कुणी व्याख्या करून सांगितलेलं नसतं, हजारो फोटो दाखवून दाखवून नमुना बसवलेला असतो. मी गेल्या हंगामात एक वापरून बघितलं. कोरड्या दिवशी नीट मोजायचं, पण पावसानंतर पंख भिजून चिकटले की चारचे सहा सांगायचं. मी वाईट म्हणत नाही, ओल्या पंखांचे फोटो त्याला कमी दाखवले असणार, तेव्हा आपल्याकडचे फोटो जास्तीत जास्त जायला पाहिजेत. पण आकडा महत्त्वाचा आहे, कारण सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ च्या वर पतंग आले की मग फवारायचं असा हिशोब आहे, आणि चारचे सहा, सहाचे नऊ झाले तर एक फवारा फुकट जातो. म्हणून माझ्या वर्गातल्या दोन पोरी रोज सकाळी हातानं मोजून वहीत लिहायच्या आणि मग मोबाईलशी ताडून बघायच्या. त्यातली एक आता बीएस्सी अ‍ॅग्रीला परभणीला गेलीय.

संपादक साहेब, तुमच्याकडं मागणी एवढीच आहे. मृग लागायच्या आधी, बियाणं घ्यायला गर्दी होते त्या आठवड्यात, एक अख्खं पान या कुलूप-किल्लीवर द्या, चित्रांसहित. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना काय करावं याची यादी विचारू नका, ती आम्हाला पाठ आहे. का करावं ते विचारा. साधं बियाणं का मिसळलं, डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) तोडून नष्ट का करायच्या, फरदड का नको, ल्यूर काही आठवड्यांनी का बदलायचं. आणि ज्या वाचकानं ते पत्र लिहिलं त्यांना माझा निरोप द्या की सप्टेंबरमध्ये सेलूला या, आमच्या वावरात हेक्टरी ५ च्या हिशोबानं सापळे लावलेले असतात, सकाळी सातला आले तर पोरींसोबत मोजता येतील.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, ता. सेलू, जि. परभणी