रविवारच्या भेटीआधी एवढं करून या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला कोथरूडला नेहमीच्या हॉलवर भेटतोय, विषय तोच जो दर थोड्या दिवसांनी कोणीतरी काढतंच, घरच्या लिनक्सला अँटीव्हायरस लागतो का. माझं मत आधीच सांगतो, बहुतेकांना नाही लागत. क्लॅमएव्ही (लिनक्सवर चालणारा फुकटातला अँटीव्हायरस) टाकलात तरी तो जास्त करून विंडोजचेच व्हायरस पकडतो, म्हणजे विंडोजवाल्यांना फायली पाठवत असाल तर ठेवा, नाहीतर राहू द्या. पण म्हणून निवांत बसायचं नाही हां!

- लॅपटॉप घरीच पूर्ण अपडेट करून आणा, हॉलच्या वायफायचा भरवसा नाही.
- उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २०.०४ वाल्यांनो, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय, बॅकअप घेऊन या, तिथेच नवीन टाकू.
- उबुंटूत फायरवॉल (नेटवरून नको ती कनेक्शन अडवणारा) असतो पण मुळात बंद असतो. टर्मिनलला (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' (sudo ufw status; सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवणं) देऊन बघा, इनॅक्टिव्ह आलं तर सगळे मिळून चालू करू.

कुठल्याही साइटवरची कमांड न वाचता सुडो लावून पेस्ट करणाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसायचं.

वेळ उरला तर २०२४ चं एक्सझेड (लिनक्समधलं फायली आकसायचं टूल) प्रकरण बघू, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकाने खणलं आणि त्यात लपवलेला बॅकडोअरच (गुपचूप आत शिरायची चोरवाट) सापडला.

शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, खुर्च्या सांगायच्यात.