अपग्रेड किटमधला व्हॉल्यूम कंट्रोल, सिलेक्टर आणि १२५ व्होल्टचा मेन स्विच याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरला पाचवा फोन झाला. तो ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो. यापुढे मी फोन करणार नाही. जे काही असेल ते लेखी होईल.

विषय तुमच्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पचा आहे, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी बसणाऱ्या, इनपुट निवडून आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा, आणि त्याच्या अपग्रेड किटचा. सर्किट तुमचंच आहे, त्यामुळे ते समजावत बसत नाही. इनपुट, सिलेक्टर, १०० के (किलोओहम) चा व्हॉल्यूम, तिथून थेट १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकावर, पुढे १२एयू७ या व्हॉल्व्हचा कॅथोड फॉलोअर, म्हणजे आउटपुटचा टप्पा, आणि व्हॉल्व्हना लागणारा एचटी, म्हणजे उच्च दाब, २६० व्होल्ट. दोन वर्षांपूर्वी हा व्हॉल्व्ह प्रीॲम्पचा किट तुमच्याकडून घेतला आणि मे महिन्यात परभणीच्या ४३ अंशांत पंखा बंद करून सोल्डर केला, कारण वारा लागला की गनचं टोक थंड पडतं. किट चांगला होता. ट्रान्सफॉर्मर तासन् तास चालून कोमटसुद्धा होत नाही, फिलामेंटला डीसी दिल्यामुळे हम नाही. हे मी तेव्हा तुम्हाला लिहून कळवलं होतं आणि ते पत्र तुम्ही तुमच्या जाहिरातीत वापरलं होतं, म्हणजे तुमच्याकडे ते असणार.

त्यात एकच दुखणं होतं, कार्बनचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे खुंटी फिरवून आवाज कमी-जास्त करणारा रेझिस्टर. आई ८६ वर्षांची आहे. पहाटे तिची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी कमी ठेवून ऐकतो. नेमक्या त्याच ठिकाणी पॉटचे डाव्या आणि उजव्या चॅनलचे भाग एकमेकांशी जुळत नव्हते. मोजलं तेव्हा एका बाजूला २.१ के आणि दुसऱ्या बाजूला ३.४ के भरलं, म्हणजे आवाजात चार डीबीहून (डेसिबलहून) जास्त फरक. भीमसेन जोशींचा तोडी लावला की गवई मधोमध बसायचा सोडून एका कडेला सरकायचा. आवाज वाढवला की परत मधे यायचा. वर्षभरात खरखरही सुरू झाली. कपलिंग कपॅसिटर गळून डीसी येतो का तेही पाहिलं, मधल्या पायावर शून्य मिलिव्होल्ट. दोष पॉटचाच होता.

म्हणून तुमचा अपग्रेड किट ४,८५० रुपये भरून मागवला. २४ ठिकाणांचा स्टेप्ड ॲटेन्युएटर (पॉटऐवजी रेझिस्टर लावलेला, पायरीपायरीने आवाज बदलणारा स्विच), चार इनपुटचा सिलेक्टर आणि नवा मेन स्विच. एका चॅनलला २३ याप्रमाणे ४६ रेझिस्टर, एक टक्क्याचे मेटल फिल्म. मी ते सगळे एकेक करून मीटरवर मोजले आणि डाव्या-उजव्या जोड्या लावल्या. वरचा २०.५ के पासून तळाच्या ६३० ओहमपर्यंत, प्रत्येक पायरीला दोन डीबी. चार रात्री गेल्या त्यात, आणि आनंदाने गेल्या.

पाचव्या दिवशी चालू केला. खुंटी एक घर फिरवली आणि स्पीकरमधून धप्. पुढचं घर, पुन्हा धप्. मधे क्षणभर गाणंच गायब.

कारण तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कारण तुम्ही हा स्विच व्हॉल्यूमसाठी विकता. व्हॉल्यूमला मेक-बिफोर-ब्रेक स्विच लागतो, जो पुढचा कॉन्टॅक्ट धरल्याशिवाय मागचा सोडत नाही. तुम्ही पाठवला तो आधी सोडतो आणि मग धरतो. त्या मधल्या क्षणी ग्रिड उघडा पडतो, त्याला जमिनीचा रस्ताच राहत नाही, आणि पुन्हा जोडला गेला की धक्का बसतो. मी अंदाजाने बोलत नाही. शेजारचे दोन कॉन्टॅक्ट तारेने एकत्र जोडले, मीटरचा एक पाय त्यांना आणि एक मधल्या टोकाला लावला आणि खुंटी सावकाश फिरवली. मधे मीटर उघडा दाखवतो. मधल्या टोकापासून ग्राउंडला एक मेगओहम टाकूनही पाहिला. धप् कमी झाला, पण गाणं तुटायचं ते तुटतंच.

सिलेक्टरचं नेमकं उलट. तिथे आधी सोडणारा स्विच हवा, नाहीतर एका इनपुटवरून दुसऱ्यावर जाताना दोन्ही यंत्रांची आउटपुट क्षणभर एकमेकांना जोडली जातात. तुम्ही पाठवलेला सिलेक्टर मेक-बिफोर-ब्रेक आहे. जिथे तो प्रकार हवा होता तिथे दिला नाही आणि जिथे नको होता तिथे दिला. दोन्ही पाकिटांवर तपासल्याचा तुमचा शिक्का आहे. कोणी, कशाने तपासलं?

पहिल्या तीन फोनवर मला तक्रार क्रमांक मिळाले, तीन वेगवेगळे. चौथ्या फोनवर कळलं की बदली माल निघाला आहे. बारा दिवसांनी पार्सल आलं. त्यात ॲटेन्युएटरचा स्विच नव्हताच. एक साधा ड्युअल पॉट होता आणि चिठ्ठी होती की हा 'समतुल्य' आहे. म्हणजे ज्या पॉटपासून सुटका हवी म्हणून ४,८५० रुपये भरले, तोच माझ्या हातात परत. त्यावर ए१००के छापलं आहे. ए म्हणजे लॉग, कानाला आवाज एकसारखा वाढत जाईल असा; लिनिअर म्हणजे फिरवू त्याच प्रमाणात रेझिस्टन्स बदलणारा. मधोमध फिरवून मोजला तर ५० के. लॉग पॉट मधोमध १० ते १५ के दाखवतो, म्हणजे १६ ते २० डीबी खाली. हा फक्त सहा डीबी खाली आहे. हा लिनिअर पॉट आहे आणि त्यावर लॉगचा छाप मारला आहे. खुंटी जरा हलवली की घर दणाणतं आणि पुढचा सगळा फेर वाया जातो.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. काढून ऐका.

वरचं सगळं मी शांतपणे सांगितलं. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, आपण कुठून बोलताय?" म्हटलं, परभणी. तो म्हणाला, "अच्छा, मराठवाडा. तिकडे लाइटचा प्रॉब्लेम असतो ना सर, व्होल्टेज वर-खाली होतं, त्याने धप् आवाज येतो." मी म्हणालो, बाबा, मीटर समोर आहे, २३१ व्होल्ट दाखवतोय. आमच्याकडे लाइट जाते हे खरं आहे, पण ती माझ्या खुंटीच्या प्रत्येक घराला मोजून जात नाही. यावर तो गप्प झाला. मग होल्ड. परत आला आणि म्हणाला, "सर, स्विचमध्ये धूळ असेल. कॉन्टॅक्ट क्लिनर आहे का? मशीन चालू करा आणि आतमध्ये स्प्रे मारा, मी लाइनवर आहे."

मी विचारलं, चालू ठेवून? तो म्हणाला, "हो सर, चालू असतानाच कळतं फरक पडला का."

उघड्या चासीत २६० व्होल्ट डीसी असतात. स्प्रेत पेट घेणारा द्रव असू शकतो. यंत्र बंद केल्यावरसुद्धा मी फिल्टर कपॅसिटर उतरेपर्यंत थांबतो, मीटरवर दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालत नाही, आणि तेव्हाही एकच हात. आणि हा मुलगा तुमच्या कंपनीच्या खुर्चीत बसून मला चालू यंत्रात स्प्रे मारायला सांगतो. माझ्या जागी आयुष्यात पहिल्यांदा किट जोडणारा कोणी एकोणीस वर्षांचा पोरगा असता तर त्याने मारला असता. कंपनीचा माणूस सांगतोय म्हणून मारला असता.

मी त्याला म्हणालो, तुम्ही जे सांगताय त्याने माणूस मरतो. त्याचं उत्तर शब्दशः लिहितो: "सर, तुम्हाला जमत नसेल तर घरात कोणी इंजिनिअर आहे का? त्यांना फोन द्या. नाहीतर जवळच्या एखाद्या जाणकाराला दाखवा."

मी २७ वर्षं आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. आधी रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिक, नंतर इलेक्ट्रॉनिक्स. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडची पोरं माझ्या हाताखाली मीटर धरायला शिकली. लॉग आणि लिनिअर पॉट मीटरने कसा ओळखायचा हा पहिल्या वर्षाच्या सुरुवातीचा धडा आहे. ज्याला मधोमध ५० के आला तो लिनिअर, हे गंगाखेडच्या खेड्यातून एसटीने येणारा मुलगा पहिल्या महिन्यात सांगायचा. तुमच्या पूर्ण कंपनीत हे सांगणारं कोणी नाही म्हणून तुम्ही मला जाणकार शोधायला लावता? मी आवाज चढवला, हे मान्य करतो. त्याबद्दल माफी मागणार नाही. वरिष्ठांना फोन द्या म्हणालो तर पुन्हा होल्ड, आणि मग फोन कट.

पण मला सगळ्यात जास्त काळजी मेन स्विचची आहे, आणि पाचपैकी एकाही फोनवर कोणी ते नीट ऐकून घेतलं नाही. तुम्ही दिलेला लहान टॉगल स्विच आहे, त्याच्या अंगावर ६ ॲम्पिअर १२५ व्होल्ट एसी कोरलेलं आहे. २५० चा आकडा कुठेच नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. तिसऱ्या फोनवर मला उत्तर मिळालं, "सर, सहा ॲम्पिअरचा आहे, तुमचा प्रीॲम्प तर अर्धा ॲम्पिअरसुद्धा घेत नाही." करंट आणि व्होल्टेज या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. आतल्या दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर आणि आतल्या पट्टीपासून बाहेरच्या धातूच्या दांडीपर्यंतचं इन्सुलेशन त्या १२५ व्होल्टसाठी केलेलं आहे, आणि त्या दांडीला माणसाचं बोट लागतं. पुढे ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे बंद करताना ठिणगी पडणार ती वेगळी. मी तो बसवलाच नाही, माझ्याकडचा २५० व्होल्टचा लावला.

माझ्या शब्दावर माझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांनी तुमचा किट घेतला आणि अपग्रेडही मागवलं. तिघांनाही हाच स्विच आला. सेलूच्या मुलाने तो बसवून वापरायला सुरुवातही केली होती. रात्री साडेदहाला फोन करून त्याला प्लग काढायला लावला. त्याच्या घरात तीन वर्षांचं लेकरू आहे. मी शिफारस केली म्हणून तो स्विच त्या घरात गेला, हे माझ्या मनातून जात नाही. तुमच्या माहितीपत्रकात 'प्रत्येक भाग हाताने तपासलेला' असं लिहिलं होतं, आणि मी ते वाक्य त्या पोरांना वाचून दाखवलं होतं.

मला पुढील गोष्टी हव्यात आणि १५ दिवसांत हव्यात. व्हॉल्यूमसाठी २४ ठिकाणांचा, दोन पोलचा (दोन्ही चॅनल एकत्र फिरवणारा) मेक-बिफोर-ब्रेक स्विच. सिलेक्टरसाठी आधी सोडणारा. २५० व्होल्ट एसी असं स्पष्ट छापलेला मेन स्विच, मला आणि त्या तिघांनाही. हे तुमच्याकडे नसेल तर तसं सरळ लिहा आणि ४,८५० रुपये कुरिअरच्या खर्चासह परत करा. पॉट मला नको. समतुल्य म्हणून काहीही पाठवू नका. आणि हा अपग्रेड किट ज्यांना ज्यांना विकला त्या प्रत्येकाला लेखी कळवा की १२५ व्होल्टचा स्विच काढून टाका. शेवटची मागणी पैशांनी सुटणारी नाही. ती पूर्ण झाल्याचा पुरावा मला दाखवावा लागेल.

असं झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे इथेच, परभणीत, आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही. तुमच्या गावाला मी येणार नाही, तुम्हाला इकडे यावं लागेल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार मी आज संध्याकाळीच नोंदवतो आहे, त्यासाठी १५ दिवस थांबणार नाही. मोजमापांचा कागद, दोन्ही स्विचचे फोटो, पॉटवरचा छाप आणि मीटरचा आकडा एकाच फोटोत, पाचही फोनच्या वेळा, सगळं या पत्राला जोडलं आहे.

चार रात्री बसून लावलेले ते ४६ रेझिस्टर आता तुमच्या चुकीच्या स्विचवर सोल्डर केलेले आहेत. ते एकेक करून सोडवून नव्या स्विचवर चढवायचे तर पाय तुटणार, म्हणून रेझिस्टरचा नवा संचही स्विचबरोबर पाठवा. हे वर लिहायचं राहिलं.

आपला ग्राहक,
परभणी

ता. क. तुम्ही पाठवलेला पॉट, दोन्ही रोटरी स्विच आणि १२५ व्होल्टचा टॉगल एका डब्यात भरून ठेवलं आहे. कुरिअरचा माणूस पाठवा, मी घरीच असतो. टॉगलच्या पाकिटावर मी लाल शाईने 'मेनला लावू नये' असं लिहिलं आहे. ते पुसून पुन्हा कोणाला विकू नका.