हातातलं पत्र परत ढिगात नाही

प्रिय माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री सव्वाअकराला तुझा फोन आला. छोटी नुकतीच झोपली होती, ओटा आवरायचा होता, लॅपटॉप उघडाच होता. तू म्हणालीस, "बाबा, सकाळी सहापासून उभीच आहे, पण आज काय झालं म्हणून विचाराल तर एक गोष्ट धड सांगता येणार नाही." फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तू आळशी नाहीस, लहानपणीही नव्हतीस. फोनवर घाईत काही बोलण्यापेक्षा सावकाश लिहावं म्हणून बसलो आहे. या बाबतीत मला जे काही येतं ते मी आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वे मेल सेवेच्या डब्यात शिकलो.

मी १९७९ साली लागलो. रेल्वे मेल सेवेचा डबा रात्रीच्या मेलला जोडलेला असायचा. आत एका भिंतीला लाकडी खणांची मांडणी, समोर आम्ही उभे. भुसावळ सोडलं की थैल्या फोडायच्या, पत्रं एका तोंडाने लावून घ्यायची, डाव्या हातात गठ्ठा धरायचा आणि उजव्या हाताने एकेक पत्र खणात टाकत जायचं. मलकापूर, शेगाव, अकोला अशी स्टेशनं येत राहायची. प्रत्येक ठिकाणी उतरवायची थैली गाडी फलाटाला लागायच्या आत सुतळीने बांधून, लाख लावून तयार हवी. राहिलं म्हणून गाडी थांबत नसे.

पहिल्या आठवड्यात माझं काय व्हायचं ते सांगतो. पत्र उचलायचो, पत्ता वाचायचो, अक्षर लागलं नाही की ते परत ढिगात ठेवून दुसरं उचलायचो. थोड्या वेळाने तेच पत्र पुन्हा हातात. तास तास हात चालू असायचा आणि ढीग होता तेवढाच दिसायचा. आमच्या सेटमध्ये, म्हणजे डब्यातल्या तुकडीत, एक वयस्कर सॉर्टर, म्हणजे पत्रं खणात लावणारे, होते. त्यांनी एका रात्री माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "हातातलं पत्र परत ढिगात टाकायचं नाही. खणात टाक, नाहीतर त्या कोपऱ्यात टाक." कोपऱ्यातला एक खण न लागणाऱ्या पत्त्यांसाठी राखलेला होता. बाकीचं टपाल लावून झालं की तो खण काढायचा आणि दोघातिघांनी मिळून पत्ते लावायचे.

माऊ, मागच्या महिन्यात आठ दिवस तुझ्याकडे होतो तेव्हा मी हेच पाहिलं. शाळेचा मेसेज येतो, तू उघडतेस, वाचतेस, "बघते नंतर" म्हणतेस. दुपारी तोच उघडतेस. रात्री पुन्हा. सोसायटीच्या पावतीचं तेच, विम्याच्या हप्त्याचं तेच. एकेक काम चारचार वेळा हातात येतं आणि चारही वेळा तुझा जीव थोडा थोडा खातं. तुझा दिवस जातो तो इथे. काम करण्यात जातो त्याहून जास्त, कामं परत ढिगात टाकण्यात.

म्हणून एवढंच कर. एखादी गोष्ट उघडलीस की तिचा निकाल लाव. पाच मिनिटांत होणारी असेल तर तिथल्या तिथे करून टाक. नसेल तर कोणत्या वारी, किती वाजता करणार ते वहीत लिही. आणि जिचं काय करायचं तेच कळत नाही, ती वहीच्या मागच्या पानावर. ते पान शनिवारी सकाळी चहा घेताना काढायचं, त्याआधी नाही. निकाल लावायला वेळ नसेल तेव्हा मेसेज उघडूच नकोस. तू फोनवर तीन ॲप घेतली आहेस म्हणालीस. मला वाटतं तीन ठिकाणी याद्या ठेवल्या की ढीगही तीन होतात. एकच वही ठेव.

पिनकोडचं तुला लहानपणी सांगितलं होतं, आठवतं का? १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं ठिकठिकाणी, पत्ते किती भाषांत, अक्षरं किती तऱ्हांची. त्या सगळ्यातून त्यांनी ६ आकडे काढले. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यावर सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, शेवटचे ३ टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे. डब्यात आम्हाला पहिले ३ पुरायचे. ४११ दिसलं की पुणे, ४२२ की नाशिक. पेठ कोणती, वाडा कोणता, जिना कुठून, हे वाचत बसलो असतो तर एक थैली वेळेवर गेली नसती. ते काम पुढच्या माणसाचं.

छोटीच्या नव्या शाळेतल्या प्रवेशाचं तू जूनपासून मनात घेऊन हिंडते आहेस, कारण तू सगळा पत्ता एकदम वाचते आहेस. शाळा कोणती, फी किती, बस येते का, पुढे दहावीपर्यंत काय. आज फक्त पहिला आकडा लाव. जन्मदाखला आणि आधार कुठल्या फाइलीत आहे ते काढून ठेव. एवढं झालं की आजचं झालं.

आता एक गोष्ट, जी मी घरात कधी बोललो नाही. नोकरीतलं दुसरं-तिसरं वर्ष असेल. तुझ्या आत्याचं लग्न ठरलं होतं. रात्री ड्यूटी आणि दिवसा लग्नाची धावपळ, असे तीन दिवस मी जवळजवळ झोपलोच नाही. तिसऱ्या रात्री ४४४ चा एक अख्खा गठ्ठा मी ४४० च्या थैलीत बांधला. अकोला-अमरावतीकडची पत्रं नागपूरला गेली आणि तिथून फिरून आली. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर सॉर्टरचं नाव असतं, त्यामुळे चूक माझ्यापर्यंत आली. मी सही केली, कारवाई किरकोळ झाली. पण त्या पत्रांत कोणाचं काय होतं, कोणाच्या मुलाखतीची तारीख होती का, कोणाचं माणूस आजारी होतं का, हे मला कधीच कळलं नाही. आजही ४४४ आकडा दिसला की ते आठवतं. तू रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून काम उरकतेस तेव्हा मला तो गठ्ठा दिसतो. झोपेने जड झालेल्या हाताने केलेलं काम सकाळी पुन्हा करावं लागतं, कधी ते दुसऱ्यालाच भोगावं लागतं.

तेव्हा थैली बांधायची वेळ ठरव. आम्ही स्टेशन येण्याच्या बऱ्याच आधी हात थांबवून बांधायला घ्यायचो. नंतर हाती लागलेलं पत्र पुढच्या थैलीत. तुझी वेळ साडेनऊ ठेव. लॅपटॉप मिटायचा, उद्याची तीन कामं वहीत लिहायची, डबे काढून ठेवायचे. राहिलेलं उद्याच्या थैलीत जाईल.

दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात आमच्या डब्यात कोणी येऊ शकत नसे. सगळं खरं काम त्या पाऊण तासात व्हायचं. तुलाही रोज असा एक पाऊण तास पाहिजे, दार लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दोन मिळाले तर फारच चांगलं, पण एक तरी.

आणि शेवटचं, जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्टेशनवर थैली दिली की समोरच्याची सही घ्यायची. सही झाली की ती थैली त्याची. मग आम्ही तिचा विचार करत नसू. तू जावईबापूंना कामं सांगतेस, पण थैली देत नाहीस. "दूध आणा" हे सांगते तू, लक्षात ठेवते तू, संपत आलं की बघतेही तूच. दूध, भाजी, छोटीची शाळेची बस आणि डॉक्टर, या गोष्टी त्यांच्याकडे पूर्ण सोपव. आठवण करायची नाही. पहिल्या महिन्यात दोनदा बिनदुधाचा चहा होईल, होऊ दे. ते चांगले आहेत, करतील. हे तुझ्या आईसाठी मी केलं नाही. मी ड्यूटीवरून यायचो आणि घरातली प्रत्येक थैली तिच्याच खांद्यावर असायची. तिने कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या वर्षापासून भाजी, गॅस आणि तिची औषधं माझ्याकडे आहेत. ती आता सकाळी बाल्कनीत बसून पेपर वाचते.

वही मी इथूनच पाठवतो आहे, आखीव, दोनशे पानी. मागच्या पानावर "कोपरा" असं लिहून ठेवलं आहे. पार्सलमध्ये आईने मेतकूट आणि भाजणी घातली आहे, भाजणी लगेच डब्यात काढून ठेव. रविवारी फोन कर, पण नऊच्या आत.

तुझे,
बाबा