‘जेरबंद’नंतरची बातमीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात, केळी ऐन निसवणीवर असताना, माझ्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. फिर्याद दिली. पुढे महिनाभराने वर्तमानपत्रात मथळा आला : ‘केबल चोरांची टोळी जेरबंद, मुद्देमाल हस्तगत’. फोटोत काळे बुरखे घातलेले तिघे जमिनीवर बसवलेले, मागे ओळीने अधिकारी-अंमलदार, पुढ्यात तांब्याच्या तारांची जळकी वेटोळी. निम्मी बातमी कोणाच्या मार्गदर्शनाखाली आणि कोणत्या पथकाने कारवाई केली, या नावांतच संपलेली. कोणाकोणाच्या केबली सापडल्या, तांबे कोणत्या भंगारवाल्याने घेतले, याचे अक्षर नाही. वरचे आवरण जाळल्यावर आपली तार ओळखायची तरी कशी?

आमच्याकडचा एक वार्ताहर सांगतो, प्रेसनोट फोटोसकट व्हॉट्सॲपवर तयारच येते. ‘गोपनीय माहितीवरून’, ‘सापळा रचून’ हे शब्दही ठाण्यातलेच. त्याचे मानधन तुटपुंजे, आणि उद्याच्या अपघाताची माहितीही त्याला तिथूनच घ्यायची असते. तो उलट प्रश्न विचारणार कसा? त्याला माझा बोल नाही. पण तुमच्या टेबलावर तरी ती नोट तपासली जायला हवी.

‘आरोपींनी गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य तर ठरलेलेच. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ही तेच सांगते. पण सकाळी पेपर आला की गावाच्या पारावर निकाल लागून जातो. पुढे तो माणूस निर्दोष सुटला, तर दोन ओळीही कुठे दिसत नाहीत.

तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३ सांगते. मला ना फोन, ना मेसेज. टोळी पकडल्याचे कळले ते पेपरातून. ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अपुऱ्या माणसांत रात्रीची गस्त घालणारे अंमलदार मी पाहतो. त्यांचे चांगले काम छापलेच पाहिजे. फक्त ही पोलिसांनी दिलेली माहिती आहे, एवढे बातमीत लिहा. फिर्यादीला एक फोन करा. आणि सहा महिन्यांनी त्याच बातमीमागे पुन्हा जा : दोषारोपपत्र गेले का, मुद्देमाल परत मिळाला का, कोण सुटले. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, खटल्याची तारीख ई-कोर्टवर दिसते. शोधणाऱ्याला वाट आहे.

आमच्या शिवारात केबली गेलेले आणखीही शेतकरी आहेत. तुमचा वार्ताहर येणार असेल तर त्यांच्या मळ्यांत मी स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
तापीकाठ, जि. जळगाव