केबिनमधल्या काकांना

प्रिय ऑपरेटर काका,

बंद पडलेल्या थिएटरच्या नोंदी करायला आलो तेव्हा माझ्या यादीत दर्शनी भाग, तिकीट खिडकी, बाल्कनीचा कठडा आणि छताची नक्षी एवढंच होतं. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा खिशात ठेवलात आणि म्हणालात, "डोकं सोडून बाकीचा माणूस मोजणार म्हणा की!"

त्यानंतर सलग तीन रविवार, गुडघा धरून, तुम्ही प्रोजेक्टरच्या केबिनचा तो लोखंडी जिना चढलात. आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले. आता चारचौघांत मानतो, कारण आम्ही बाल्कनीवाले सगळेच तुमचे देणेकरी आहोत.

केबिनची भिंत एवढी जाड का, या प्रश्नापुढे मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. जुनी नायट्रेटची फिल्म पाण्याखालीही जळत राहते, हे तुमच्याकडून कळलं. झरोक्यांवरच्या त्या लोखंडी झडपा मला शोभेच्या वाटल्या होत्या. आग लागली की वर धरून ठेवणारा जोड वितळणार, झडप खाली पडणार आणि प्रेक्षक वाचणार. ऑपरेटरचं काय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं दाराकडे बोट दाखवलंत.

पण खरी गंमत दोन मशिनांची. सेकंदाला 24 चौकटी म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म, म्हणजे 2000 फुटांचं रीळ बावीसेक मिनिटांत संपतं. संपायच्या आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. पुन्हा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर. इतके सिनेमे पाहिले, पण तो ठिपका मला कधी दिसला नव्हता. आता जुनी प्रिंट लागली की दुसरं काही दिसत नाही. माझा सिनेमा तुम्ही थोडा नासवलात, हेही नोंदवून ठेवतो.

एक कबुली. मशिनात उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं आणि पडदा पिवळट पडतो. तेव्हा खालून ज्या शिट्ट्या यायच्या, त्यांत माझीही असायची. तुम्ही म्हणालात की मशिनाच्या आवाजात वर काही ऐकू यायचं नाही. हे तुम्ही माझ्यासाठी म्हणालात, असा मला दाट संशय आहे.

शेवटच्या रविवारी तुम्ही मला पडद्यामागे नेलंत. मागच्या स्पीकरचा आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं असतात, हे मी वाचलं होतं. पण त्या भोकांमधून रिकाम्या खुर्च्या कशा दिसतात, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण दोघंही तिथे बराच वेळ काही बोललो नाही.

निघताना हातावर ठेवलेली फूटभर फिल्म जपून ठेवली आहे. चौकटी मोजल्या, बरोबर 16 भरल्या.

नकाशे पूर्ण होत आलेत, केबिनला स्वतंत्र पान दिलंय. फक्त जिन्याच्या पायऱ्या एका नोंदीत 17 आहेत आणि दुसरीत 18. तुमच्या गुडघ्याला नक्की माहीत असेल. तेवढं कळवा.

तुमचा,
यादीवाला